मेज, हां!

कट्टा गावच्या रिक्षा स्टँडवर आंतोननं एके दिवशी जाहीर केलं, "मियां मेज करतलंय." आधी कोणाला कळेचना. मेज म्हणजे टेबल हो! स्टँडवर बाकी सगळे टेबलच म्हणतात, पण आंतोनच्या घरात मेज म्हणायची रीत. त्याची आजी गोव्याकडची, तिच्या तोंडचा शब्द घरात राहिला तो राहिलाच. तर मेज म्हणजे टेबल, आणि ते आंतोन स्वतःच्या हातानं करणार, हे कळल्यावर मात्र जे हसणं सुटलं ते आवरेना.

हसणारच. ह्या माणसानं भिंतीत खिळा ठोकला तर एक तर खिळा वाकायचा, नाहीतर भिंतीचा पोपडा हातात यायचा. भिकाजी सुतार चहा पीत बसला होता, त्याला तर ठसकाच लागला.

"अरे मेल्या, रिक्षाचो आरसो तरी आधी सरळ लाव! त्येच्यात रस्तो नाय, आभाळ दिसता!"

"हसा. हसान घेवा," आंतोन म्हणाला.

"मियां करून देतंय की. लाकूड तुझ्याकडे आसाच."

"नको. माझ्याच हातान होया."

आता हे 'माझ्याच हातान' कुठून आलं, ते सांगायला हवं.

आंतोनची बायको अँजेलिना मस्कतला एका घरात पोरं सांभाळायला होती. मुलीच्या, डेलिशाच्या, शिक्षणासाठी म्हणून गेली. दोन वर्षं म्हणून गेली. डेलिशा शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन मडगावला नांदायलाही गेली, पण आईची दोन वर्षं काही संपली नाहीत. आधी घराचं छप्पर आलं, मग स्वयंपाकघरात फरशी आली, मग आंतोनची नवी रिक्षा. दर वेळी काहीतरी निघायचंच. ती महिनाभर सुट्टीला यायची, घर नुसतं भरून जायचं, आणि परत गेली की आंतोन दोन दिवस स्टँडवर कोणाशी बोलायचा नाही.

त्याला ती हवी होती. बस्स, एवढंच. कट्ट्याच्या बाजारात बांगड्यांचा वाटा एकट्या माणसासाठी लावत नाहीत. अख्खा वाटा घ्यायचा आणि तीच माशांची कढी तीन दिवस ऊन करून खायची. जुन्या मेजाला वाळवी लागली तेव्हा ते उचलून मागच्या दारी टाकलं, तेव्हापासून हा खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून उभ्या उभ्या जेवायचा. बसून जेवायचं कोणासमोर? वरून विमान गेलं की मान वर. चिपीच्या विमानतळावर उतरणारं असो नाहीतर कुठलं भलतंच असो, ह्याची मान वर. मागे बसलेलं गिऱ्हाईक ओरडायचं, "आंतोन, रस्त्यार बघ रे!"

पण 'पुरे झालं, ये आता' असं त्यानं तिला एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणणार कुठल्या तोंडानं? डोक्यावरचं छप्पर तिचं, पायाखालची फरशी तिची, बुडाखालची रिक्षासुद्धा तिचीच. ह्या घरात आपल्या हातचं काय आहे, असा विचार करत एकदा तो घरभर फिरला, आणि काहीच सापडेना म्हणून दारापुढच्या अंगणात, खळ्यात, येऊन बसला.

अशात तिचा फोन आला. घरात रेंज नाही. मागच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, कोकमाच्या झाडाखाली उभं राहिलं तर थोडी येते, तीही वारा असेल तशी. आंतोन कानाला फोन घट्ट दाबून उभा.

"नाताळाक येतंय रे! मॅडमान म्हयन्याची रजा दिल्यान. आयकतंस? आता तू..." मग नुसती खरखर. खरखर, खरखर, आणि शेवटी अगदी लख्ख, शेजारी उभी राहून बोलावी तशी: "...मेज, हां!"

आणि फोन तुटला.

मेज! आंतोन मेरेवर उभाच राहिला. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं. आणि मागितलं ते काय, तर मेज. दोघांनी समोरासमोर बसून जेवायला मेज. रात्रभर त्याला हसू येत राहिलं.

घरामागचा फणस दोन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्यानं आडवा झाला होता. त्याच्या फळ्या चिरून गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या त्यानं खाली काढल्या. भिकाजीनं करवत, रंधा, पटाशी असलं सगळं कुरकुरत का होईना दिलं. "बोटां संबाळ," म्हणाला, आणि एका बंगल्याच्या दारं-खिडक्यांचं काम घेऊन खारेपाटणला निघून गेला तो नाताळापर्यंत परतलाच नाही. विचारायला माणूस उरला नाही. उरला तो मोबाइलमधला एक हिंदी बोलणारा दाढीवाला, आणि तोही मेरेवर उभं राहिलं तरच दिसायचा. आंतोन तिथं जाऊन बघायचा, पळत खळ्यात यायचा, आणि येईपर्यंत निम्मं विसरलेलं असायचं.

खळंही नुकतंच झालं होतं. पावसानंतर माती घालून, चोपून, शेणानं सारवलेलं, वर नारळाच्या झापांचा मांडव. आंतोननं तिथंच आपला कारखाना थाटला. पहिली फळी कापली ती अशी तिरकी गेली की त्यातून भाकरीचा पाट सुद्धा झाला नसता. रंधा मारायला गेला तर लाकूड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी ओरबाडून निघालं. दाढीवाल्यानं सांगितलं की रेषा बघून रंधा चालवायचा, उलट्या दिशेनं नाही. मग तो लाकडाच्या रेषा बघायला शिकला. बोट कापलं, अंगठा ठेचला, एक पाय जास्तच कापला गेला म्हणून चारही नव्यानं करावे लागले. नाकी नऊ आले. पण कधीतरी रंधा असा सरकन गेला आणि पिवळीधम्मक, पातळ साल वळत वळत त्याच्या हातावर आली, फणसाचा तो गोडसर वास घेऊन, तेव्हा तो ती साल हातात धरून किती वेळ बसून राहिला. तिला दाखवावी असं वाटलं. तिला दाखवायचं असं रोज काहीतरी असायचं आणि रोज ते तसंच राहायचं.

मेज किती रुंद करायचं, हे दाढीवाला सांगेल ते आंतोननं ऐकलं नाही. तो उंबऱ्यावर बसला, हात पुढे केला, आणि जिथं बोटं पोचली त्याच्या थोडं आत खूण केली. समोर बसलेल्या माणसाच्या हातापर्यंत हात पोचायला हवा. नाहीतर मेज कशाला करायचं?

फोन येत राहिले. दर वेळी शेवटी ती म्हणायची, "मेज, हां!" आणि आंतोन गालातल्या गालात हसत सांगायचा, "चल्ला हा गो, चल्ला हा." चाललंय, एवढंच; त्यापुढे अवाक्षर नाही. सगळं आल्यावरच दाखवायचं! तिकडे ती क्षणभर गप्प व्हायची. ह्याला वाटायचं, रेंज.

एकदा मात्र ती वेगळंच बोलली. "आंतोन, मॅडम म्हणता आणि दोन वर्सां रव. पोरां माका सोडूक तयार नाय. मियां म्हटलंय, घराक जावन येतंय, मगे सांगतंय."

नको म्हण, अरे नको म्हण! आंतोनच्या जिभेच्या टोकावर आलेलं होतं. पण मग पायाखालची फरशी आठवली, छप्पर आठवलं, आणि हा गाढव काय म्हणाला? म्हणाला, "तुका काय बरां दिसता ता कर."

"बरां," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, हळूच, "मेज, हां."

त्या दिवसापासून आंतोनला त्या मेजाखेरीज काही सुचेना. तोंडानं जे बोलता येत नाही ते ह्या लाकडानं बोलावं, असं त्यानं मनाशी धरलं. ती येईल, मेजाशी बसेल, आणि तिला कळेल की इथं कोणीतरी तिला बसायला जागा करून ठेवली आहे. मग जायची नाही. एवढा सगळा भार चार पायांवर!

आणि ते चार पाय डगडगत होते. सगळं जोडून झालं, मेज खळ्यात उभं केलं, तर इकडे दाबलं की तिकडे उचलतंय. आंतोननं पाय पुन्हा पुन्हा मापले. माप तर बरोबर होतं. "मापाक काय जाळूचा हा?" असं म्हणून त्यानं करवत घेतली. जो पाय टेकत होता त्याचं काडीभर कापलं. मग दुसऱ्याचं. हळूहळू, पॉलिश पेपरनं घासून, पुन्हा उभं करून, पुन्हा घासून. आणि शेवटी ते बसलं. असं बसलं की त्यावर चढून उभं राहिलं तरी हलेना. आंतोन खरंच उभा राहिला. शेजारचा गंगाराम कुंपणावरून बघत होता, तो म्हणाला, "आंतोन, आता भाषण कर!"

नाताळाच्या आधी दोन दिवस ती आली. कुडाळ स्टेशनवर सकाळच्या गाडीतून उतरली, पहिल्यापेक्षा बारीक झालेली, केसांत पांढरं जास्त. दोघंही स्टेशनवर नीट काही बोलले नाहीत. ती रिक्षात मागे बसली आणि आंतोननं आरसा आपल्या हातानं खाली केला, तिचा चेहरा दिसेल असा. स्टेशनपासून घरापर्यंत तो रस्त्याकडे किती बघत होता ते देवाला माहीत.

मेज त्यानं पहाटेच शेजाऱ्यांच्या मदतीनं आत नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवलं होतं, वर पांढरी चादर. गडबडीत कोणी दाबून बघितलं नव्हतं. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, स्वतः चहा केला, दोन कप आणले, चादर ओढली, आणि कप मेजावर ठेवला.

डग्‌. चहा बशीत. बशीतून मेजावर, मेजावरून तिच्या झग्यावर.

आंतोनला कळेचना. त्यानं एका पायाखाली पुठ्ठा घातला, डग्‌. दुसऱ्याखाली घातला, जास्तच डग्‌. फरशी तर आरशासारखी सपाट. तो गुडघ्यावर बसून मेजाचे पाय चाचपत राहिला, वर बघायची त्याची हिंमत होईना.

"आंतोन," ती वरून म्हणाली, "ह्या काय ता?"

"मेज," तो खालूनच म्हणाला. "तुया सांगलंस मां. मियां केलंय. माझ्या हातान."

"मियां? मियां कधी मेज मागलंय?"

"दर फोनाक! 'मेज, हां.' दर फोनाक सांगी होतंस!"

अँजेलिना बघतच राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा माझ्या! मियां तुका दीस मेजूक सांगी होतंय रे! दीस! मियां येवचे दीस मेज, म्हणान!"

मेजणं म्हणजे मोजणं. आंतोनच्या घरातलाच शब्द, टेबलाच्या मेजाइतकाच जुना. दोन्ही मेज त्याला जन्मापासून ठाऊक. खरखर नेमकी 'दीस' ह्या शब्दावर आली होती, आणि पुढचं सगळं ह्या बाबानं आपल्या मनानं रचलं होतं.

आंतोनला हसू फुटणार होतं, पण तिच्याकडे बघितलं आणि ते तिथंच विरलं. ती रडत होती.

"माका वाटला, एकदा तरी म्हणशीत, अँजेलिना, इतके दीस रवले. एकदा तरी. थय त्या घरात मियां रोज मेजी होतंय. आणि तू? 'चल्ला हा, चल्ला हा.' माका वाटला, ह्येचा माझ्याशिवाय बरां चल्ला हा. मॅडमाक काय सांगू म्हणान इचारलंय, तर 'तुका बरां दिसता ता कर'. मियां होय सांगूचा ठरवलेलंय, आंतोन. विमानातच ठरवलेलंय."

चहा मेजाच्या कडेवरून टपटप खाली पडत होता.

मग तिनं नाक पुसलं, आणि त्या मेजावरून हात फिरवला. कडेवरून, जिथं करवत दोनदा घसरली होती तिथून. मग त्याचा ठेचलेला अंगठा बघितला. "खंय केलंस ह्या?"

"खळ्यात."

"पाय खंय कापलंस?"

"खळ्यातच."

"उचल," ती म्हणाली.

दोघांनी मेज उचलून बाहेर आणलं. मांडवाखाली शेणाच्या जमिनीत चार पायांचे चार ठसे अजून तसेच होते. तिनं मेज फिरवून, बघून, बरोबर त्या ठशांत उभं केलं. दाबलं. हललं नाही. ती वर बसली. तरी हललं नाही. आणि मग ती जी हसायला लागली, डोळ्यांत पाणी तसंच ठेवून!

"आंतोन, मेल्या, खळ्याक उतार आसता! पाणी जावक दोनय बाजूंनी उतार काढतत, ह्या तुका ठावक नाय? तुझे पाय बरे होते रे. जमीन वाकडी होती. बरे पाय कापून तू वाकड्या जमनीक बसवलंस!"

"नवे पाय लावतंय," आंतोन घाईघाईनं म्हणाला. "दोन दिवसांत लावतंय, फरशेर बसतीत असे..."

"खबरदार हात लावलंस तर. हयच बसता ता. हय नायतर खंयच नाय."

ती मेजावरून उतरून मण्यावर, म्हणजे लाकडी बैठकीवर, समोर बसली. तोही बसला. त्यानं हात पुढे केला. तो तिच्या हातापर्यंत बरोबर पोचला. आणि त्या वाकड्या जमिनीवर, चहाविना, माणसानं शेवटी तोंड उघडलं.

"जांव नको गो," तो म्हणाला. "माका तू होया. माका आणि काय एक नको. जांव नको."

"इतकी वर्सां खंय होता ह्या तोंड?" ती म्हणाली. पण हात काढून घेतला नाही.

ती गेली. जावं लागलंच, सांभाळलेल्या पोरांना असं अर्ध्यावर टाकून यायचं तिच्या मनाला पटेना. पण जाण्याआधी मेरेवर कोकमाखाली उभं राहून तिनं मॅडमला स्वतः सांगितलं, पोरांची परीक्षा होईपर्यंत राहीन, दिवससुद्धा तिथंच ठरवून घेतला. पुढं नाही. आंतोनला म्हणाली, "पावसाआधी येतंय. पाऊस पडलो तर खळ्यातला मेज भिजतला."

मेज तिथंच राहिलं, मांडवाखाली, त्याच चार ठशांत. भिकाजी खारेपाटणहून परतला, बघून गेला आणि स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटला की आंतोननं जगात एकाच जागी बसणारं टेबल केलंय. आंतोननं ऐकून घेतलं. तो आता उभ्यानं जेवत नव्हता. खळ्यात बसून जेवायचा, समोरचा मणा रिकामा ठेवून.

मग एका संध्याकाळी फोन आला. वारा बरा होता. तिनं पोरांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, डेलिशाचा फोन आला होता ते सांगितलं. आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाली, "मेज, हां."

"सत्त्याऐंशी," आंतोन म्हणाला.

पलीकडे काहीच नाही. त्याला वाटलं, गेली रेंज. त्यानं फोन कानापासून दूर करून बघितला. चालू होता.

"अँजेलिना? आयकतंस मां?"

"आयकतंय," ती म्हणाली. "परत सांग."

आंतोननं परत सांगितलं.